परसातली नॅरोगेज: कोल्हापुरात बागेतली छोटी रेल्वे कशी उभारावी

इंजिन सगळ्यात शेवटी घ्यायचं. नवीन कुणी विचारायला आलं की मी आधी हेच सांगतो आणि त्याचा चेहरा पडलेला बघतो. मी स्वतः उलटं केलं होतं. आधी परदेशातून इंजिन मागवलं, ते कस्टममध्ये अडकलं, सुटलं तेव्हा भरलेली ड्यूटी बघून घरात दोन दिवस अबोला. मग ते इंजिन कपाटावर बसून राहिलं, कारण खाली रूळच नव्हता. रूळ घातला तो मे महिन्यात, घाईघाईत, मातीवर विटा मांडून. जुलैच्या पहिल्या झडीत विटा अशा बसल्या की गाडीऐवजी होडी सोडायची वेळ आली.

तेव्हापासून माझा हिशेब ठरलाय. कोल्हापुरात बागेतली रेल्वे म्हणजे आधी गवंडीकाम, मग सुतारकाम, मग लेथचं, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावरचं काम. खेळणं त्यानंतर. दिवाळी झाली की कामाला लागायचं, शिवरात्रीपर्यंत पाया आणि रूळ पुरा करायचा, वळवाच्या पावसात पहिली परीक्षा बघायची आणि पहिला आख्खा पावसाळा रुळाला एकट्याला काढू द्यायचा.

गेज कोणतं?

गेज म्हणजे दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. आपल्याकडे नॅरोगेज दोन मापांचं. १९०७ साली सुरू झालेली नेरळ–माथेरान ६१० मि.मी.ची, म्हणजे दोन फुटी. १८९७ ची बार्शी लाइट रेल्वे ७६२ मि.मी.ची, अडीच फुटी. ही बार्शी लाइट १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली, म्हणजे नॅरोगेज आपल्या अगदी दारात होती. आपली स्वतःची मिरज–कोल्हापूर गाडी १८९१ साली धावली ती मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर अंतराच्या रुळावर. मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशी तिन्ही गेज एकत्र नांदत होती, हे जुन्या माणसांना विचारा, डोळ्यांत चमक येते.

बागेतल्या गाड्यांत दोन मापं चालतात. एक ४५ मि.मी.चं. जर्मनीच्या एलजीबीने १९६८ मध्ये ज्या मोठ्या गाड्या काढल्या त्या याच रुळावर चालतात. त्यांचं प्रमाण १:२२.५, म्हणजे खरी गाडी साडेबावीस पट मोठी. ४५ ला २२.५ ने गुणलं की १०१२ येतात, म्हणजे जवळजवळ मीटरगेज. मिरज–कोल्हापूरची जुनी गाडी करायची असेल तर हे माप नेमकं बसतं. दुसरं ३२ मि.मी.चं, १:१९ प्रमाणाचं. ३२ गुणिले १९ म्हणजे ६०८, जवळजवळ नेमकं माथेरान. याच रुळावर १:२४ ने डबे बांधले तर बार्शी लाइट होते.

आयते रूळ आणि गाड्या विकत घ्यायच्या असतील तर ४५ घ्या, त्यात माल जास्त मिळतो. स्वतः हाताने बनवायचं असेल तर ३२ घ्या. गाडी ठसठशीत दिसते, वळण लहान चालतं आणि ‘हे कुठल्या कंपनीचं’ असं कुणी विचारत नाही. पुढचं सगळं मी ३२ धरूनच सांगतोय.

जागा

आमच्या घरामागे वीस बाय बारा फूट जागा आहे, म्हणजे साधारण सहा बाय साडेतीन मीटर. तेवढी पुरते. १.२ मीटर त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं आणि त्यांना जोडणारे तीन-तीन मीटरचे दोन सरळ पट्टे, एकूण साडेतेरा मीटरची लाइन. एक मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण घेऊ नका. छोटं इंजिन वळेल, पण लांब डबे बाहेर ओढले जातात आणि दिसतंही खेळण्यासारखं.

आधी बागेला पाणी घालायचा पाइप जमिनीवर लाइनसारखा पसरा. त्याला तीव्र वाकवलं की तो मुडपतो, त्यामुळे फाजील वळण आपोआप घेता येत नाही. चार दिवस तसाच राहू द्या. कपडे वाळत घालायला जाताना कोण अडखळतं, नळाचं पाणी कुठे वाहतं, शेवग्याची पानं कुठे गळतात ते बघा. शेवग्याखालून लाइन नेऊ नका, ती बारीक पिवळी पानं ओली झाली की रुळावर साबणासारखी होतात. जागा पक्की झाली की पाइपच्या कडेने फक्की मारा, कबड्डीचं मैदान आखतात तशी.

घर पूररेषेत असेल तर पक्कं बांधकाम करूच नका. २०१९ आणि २०२१ चं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको. दोन-दोन मीटरचे उचलते तुकडे करा, हिवाळ्यात मांडा, जूनमध्ये माळ्यावर टाका.

पाया

पैसे आणि वेळ इथे घाला. बाकी सगळं पुढे दुरुस्त करता येतं, खचलेला पाया येत नाही.

आधी माती ओळखा. तांबडी किंवा मुरमाड असेल तर नशीब चांगलं, वीतभर खोल खणलं तरी चालेल. नदीकडच्या भागातली काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेगाळते. वरचं सगळं बांधकाम ती आपल्याबरोबर हलवते. तिथे एक फूट खणा, आत मुरूम भरा, पाणी मारून धुम्मस करा. एकदम सगळा मुरूम ओतू नका, चार-चार इंचांचे थर घालून प्रत्येक थर ठोका. कंटाळा येतो. येऊ द्या.

चराची रुंदी २० सेंमी पुरे. मुरमावर ७–८ सेंमी जाडीचं काँक्रीट घाला, सिमेंट, वाळू आणि बारीक खडी १:२:४. साध्या फळ्यांचं शटरिंग चालतं, वळणावर फळीऐवजी पातळ प्लायची पट्टी वाकवून घ्या. दर दीड मीटरला थर्माकोलची पातळ पट्टी उभी सोडा म्हणजे काँक्रीटला तडा गेला तरी तिथेच जाईल. आणि सात दिवस पाणी मारायचं, हे गवंड्याला सांगून भागत नाही, आपणच मारायचं.

काँक्रीटचा माथा आजूबाजूच्या मातीपेक्षा निदान १० सेंमी वर पाहिजे. कोल्हापूरचा पाऊस वळवासारखा एकदम पडून जात नाही, आषाढात दिवसच्या दिवस झड लागते. जमीन पाणी प्यायची थांबते आणि तुमचं लंबवर्तुळ म्हणजे बागेतला बांध होतो. आत तळं, बाहेर चिखल. म्हणून काँक्रीट ओतण्याआधीच दोन-तीन ठिकाणी खालून पीव्हीसी पाइपचे तुकडे आडवे टाका आणि पाण्याला उताराच्या बाजूला वाट करून द्या. पाइपच्या दोन्ही तोंडांना दगड लावले तर छोट्या मोऱ्या दिसतात, रेल्वेला शोभतात.

लेव्हल डोळ्याने घेऊ नका. गवंड्याकडची पारदर्शक नळी आणा, पाणी भरा, दर मीटरला खुंटीवर खूण करा. पहिली लाइन पूर्ण सपाट करा. चढ हवाच असेल तर १ इन ५०, म्हणजे मीटरला २ सेंमी, याच्या पुढे जाऊ नका. माथेरानला १ इन २० आहे हे मला माहीत आहे. आपलं इंजिन दोन किलोचं असतं, वळणावर चाकांचं घर्षण वेगळं, आणि चढ व वळण एकत्र आले की गाडी जागच्या जागी चाकं फिरवत बसते.

गुडघे कुरकुरत असतील तर खाली न बसता चिऱ्याची दीड-दोन फूट उंच भिंत उठवा आणि तिच्यावर लाइन घ्या. जांभा चिरा कोकणातून घाट चढून आपल्याकडे येतोच. त्याचा रंग बागेत सुंदर दिसतो आणि पावसात त्यावर शेवाळ धरलं की तीस वर्षं जुना पूल वाटतो.

रूळ

आयता पितळी रूळ मागवला तर पैसे फार जातात. मी अ‍ॅल्युमिनियमची १० बाय ३ मि.मी.ची पट्टी वापरतो. साधारण बारा फुटी लांबीत येते. साडेतेरा मीटरच्या लाइनला दोन्ही बाजू मिळून २७ मीटर, म्हणजे आठ पट्ट्या. पट्टी उभी ठेवायची. आडवी ती हाताने सहज वाकते, त्यामुळे वळण आपोआप गोल येतं, आणि उभी ती ताठ राहते, मध्ये झोळ पडत नाही.

स्लीपरला, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांना, लाकूड वापरलं तर वाळवीला आमंत्रण. प्लायच्या दुकानात डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) बोर्ड मिळतो, १८ मि.मी. जाडीचा, पाण्याला आणि वाळवीला दाद न देणारा. आता यातली खरी युक्ती. एकेक स्लीपर कापून त्यात खाचा पाडायला गेलात तर सव्वादोनशे स्लीपरमध्ये सव्वादोनशे गेज होतील. त्याऐवजी बोर्डाची ९० मि.मी. रुंद लांब फळी काढा. सुताराच्या कटर मशीनवर तिच्या लांबीने दोन खाचा मारून घ्या, ६ मि.मी. खोल, आतल्या कडांमध्ये बरोबर ३२ मि.मी. मग ती फळी पावासारखी १५-१५ मि.मी.ने आडवी कापा. प्रत्येक तुकडा एक स्लीपर, आणि सगळ्यांचं गेज एकच, कारण खाच एकदाच पडलीय. पातं पट्टीच्या जाडीला घट्ट बसेल असं हवं, आधी टाकाऊ तुकड्यावर बघा. वळणासाठी दुसरी फळी घ्या आणि तिच्यात अंतर अर्धा मि.मी. वाढवा, नाहीतर चाकं अडकून कुरकुरतात.

दर ६ सेंमीला एक स्लीपर. पट्टी खाचेत ठोकायची, वर ४ मि.मी. राहते, चाकाची कड फिरायला तेवढी पुरते.

आता उन्हाचं गणित. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे ०.०२३ मि.मी. वाढतं. डिसेंबरची पहाट आणि एप्रिलची दुपार यात उन्हातल्या रुळाच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो. बारा फुटी पट्टी तेवढ्यात जवळजवळ साडेतीन मि.मी. लांब होते. थंडीत रूळ घालत असाल तर दोन पट्ट्यांच्या जोडात ४ मि.मी. फट सोडा, दुपारच्या उन्हात घालत असाल तर एक. प्रत्येक पट्टी तिच्या मधल्या एकाच स्लीपरला स्क्रूने पक्की करा, दोन्ही टोकं मोकळी राहू द्या. जोडाला बाहेरच्या बाजूने छोटी फिशप्लेट, म्हणजे दोन पट्ट्यांना जोडणारी पट्टी, तिची भोकं लांबट. आतल्या बाजूला काही लावू नका, तिथून चाकाची कड जाते. आणि सगळा ट्रॅक काँक्रीटला चिकटवू नका. चार-पाच ठिकाणी सैल अडकवा, बाकी खडी धरून ठेवते. माझ्या एका शेजाऱ्यांनी उत्साहात सगळा ट्रॅक मॉर्टरमध्ये बसवला. एप्रिलमध्ये तो नागासारखा उभा राहिला.

खडीला क्रशरवरची सगळ्यात बारीक ग्रीट आणा, ३ ते ५ मि.मी.ची, धुऊन. आपल्याकडचा काळा दगड असल्याने रंग खऱ्या रेल्वेसारखाच येतो. कच नको, ती पाण्यात वाहून जाते आणि चाकांत शिरते.

सांधे, म्हणजे लाइन बदलायची जागा, पहिल्या वर्षी नको. पुढे हवा वाटला तर पट्टीच्या रुळात सगळ्यात सोपा सांधा म्हणजे ज्यात अख्ख्या रुळाचीच टोकं सरकवून या नाहीतर त्या लाइनसमोर आणायची. त्यात बारीक टोकदार पाती घासावी लागत नाहीत.

चाकं आणि डबे

इथे कोल्हापूरकरांचं भाग्य. उद्यमनगरात, म्हणजे आपल्या छोट्या कारखान्यांच्या भागात, लेथ शोधावी लागत नाही. अडचण एकच, ही ऑर्डर फार छोटी. त्यामुळे मोठ्या शॉपमध्ये जाऊ नका, एक-दोन मशीनवाल्याकडे दुपारच्या वेळी जा आणि ड्रॉइंग कागदावर काढून न्या. तोंडी सांगितलेलं माप घरी येईपर्यंत बदलतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कारागिराने चाक हातात फिरवून विचारलं, ‘भावा, कड एकाच बाजूला का? दोन्हीकडनं मारू की!’ मी रेल्वेचं सांगितल्यावर शेजारचे तिघे मशीन बंद करून ऐकायला आले आणि मजुरी निम्मी झाली.

डब्याच्या चाकाची मापं अशी: रुळावर चालणारा भाग २४ मि.मी. व्यासाचा आणि ५ मि.मी. रुंद, त्याला तीन अंशांचा उतार. कड अडीच मि.मी. उंच आणि दीड मि.मी. जाड, तिचा कोपरा गोल केलेला. उतार विसरू नका. त्याच्यामुळेच गाडी स्वतःला रुळाच्या मधोमध ठेवते. एक्सलवर दोन चाकं दाबून बसवताना त्यांच्या पाठीपाठींत २८ मि.मी. पाहिजे. हे माप सगळ्यात महत्त्वाचं. गाडी घसरली की रूळ तपासण्याआधी हे तपासा.

डब्याचा सांगाडा बोर्डाच्या राहिलेल्या तुकड्यांतून होतो. बॉडीला सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा प्लास्टिक बोर्ड, फ्लेक्स-बॅनरवाल्यांकडे त्याच्या कापटी मिळतात. कटरने कापतो, पाण्याने फुगत नाही. एमडीएफ घ्यायचा मोह आवरा, पहिल्याच पावसात त्याची पुरी होते. फक्त काळा रंग दिलेला सनबोर्डचा डबा मेच्या उन्हात तासभर उभा ठेवू नका, छप्पर वाकतं. डबा रिकामा असेल तर हलका होऊन वळणावर पडतो, म्हणून तळाशी लोखंडी तुकडे घाला. अर्धा किलो वजन बरं.

पहिला डबा तयार झाला की इंजिनाआधी तोच हाताने ढकलून दहा फेऱ्या मारा. जिथे हाताला अडकल्यासारखं वाटेल तिथे खडूने खूण करा. रुळाचे बहुतेक दोष बोटाला कळतात.

इंजिन

तीन वाटा आहेत. रुळातून वीज द्यायची, इंजिनात बॅटरी ठेवायची किंवा खरी वाफ.

रुळातून वीज कोल्हापुरात विसरा. पावसाळाभर रूळ घासत बसाल, आणि अ‍ॅल्युमिनियमवर बसणारा थर तर वीज जाऊच देत नाही.

बॅटरी उत्तम. १२ व्होल्टची गिअर मोटर, मिनिटाला १०० ते १५० फेऱ्यांची. ३० मि.मी.च्या चाकाला १०० फेऱ्या म्हणजे मिनिटाला साडेनऊ मीटर, आपली लाइन दीड मिनिटात एक फेरी. १:१९ ने मोजलं तर ताशी ११ किलोमीटरच्या आसपास. घाट चढणारी छोटी गाडी अशीच चालते. जास्त वेगाची मोटर घेऊ नका, नॅरोगेज पळत नाही. तीन लिथियम सेलचा पॅक घ्या, पण संरक्षण सर्किट आत असलेलाच. रिमोटच्या गाड्यांचा स्पीड कंट्रोलर आणि रिसीव्हर चालतो. दोन्ही एक्सलना चेन किंवा गिअरने जोर द्या, वजन दोन किलोपर्यंत न्या. पॅक बाहेर काढता येईल असा बसवा आणि चार्जिंग करताना तो उघड्यावर फरशीवर, नजरेसमोर. पॅक फुगलेला दिसला की वापर बंद.

वाफेचं इंजिन म्हणजे या छंदातलं खरं व्यसन. गॅसवर पाणी उकळतं, चौरस इंचाला साधारण ४० पौंड दाबावर गाडी निघते, तेलाचा आणि वाफेचा वास बागेत पसरतो. पण किंमत चांगल्या दुचाकीएवढी. ते घ्याल तर तयार आणि तपासलेलं घ्या. चाकं उद्यमनगरात करा, डबे करा, बॉयलर मात्र कुणा हौशी माणसाकडून करून घेऊ नका. त्यात पाणी डिस्टिल्डच घालायचं, बोअरच्या पाण्याने आत क्षार धरतात. सेफ्टी व्हॉल्व्ह दर वेळी सुटतोय का ते बघायचं आणि त्या वेळी पोरांना हात लावू द्यायचा नाही.

झाडं, हरळी आणि बाकीचे

झाडं लहान पानांची हवीत, नाहीतर गाडीशेजारी केळीच्या पानाएवढी सावली पडते. ड्युरांटाची कापलेली झुडपं, जेडच्या फांद्या, छोट्या कुंडीतला फायकस, एवढ्यात डोंगर उभा राहतो. पुदिना लावू नका, तो लाइन गिळतो. पण खरा वैरी हरळी. ती खडीखालून वितभर येऊन स्लीपरमधून डोकं काढते. काँक्रीटच्या दोन्ही बाजूंना हातभर पट्टा कायम खुरपलेला ठेवा.

पावसाळ्यात गोगलगायी रुळावर येऊन बसतात. चिचुंद्रीला बोगदा फार आवडतो. बोगदा एका हातात मावेल एवढ्याच लांबीचा करा, म्हणजे आत अडकलेला डबा काढता येईल, आणि गाडी चालत नसताना दोन्ही तोंडांना जाळी लावा. साप येणारच नाही असं धरून हात घालू नका, आधी टॉर्च.

आमच्या लाइनवर स्टेशनं मिरज, हातकणंगले, रुकडी आणि गूळ मार्केट अशी आहेत. गूळ मार्केट हे खरंच या मार्गावरचं स्टेशन आहे, त्यामुळे मालगाडीत गुळाच्या ढेपा हव्यातच. कुंभार गल्लीतून आणलेल्या शाडूच्या छोट्या ढेपा करून रंगवल्या. एका रविवारी माझ्या मुलीला त्या खोट्या वाटल्या, तिने खऱ्या गुळाचे छोटे खडे भरले. सकाळी अख्खी मालगाडी मुंग्यांनी उचलायची बाकी होती, आणि गिअरबॉक्समधून त्या काढायला दोन दिवस गेले.

चालवायचा दिवस

आधी जुन्या रंगाच्या ब्रशने रूळ झाडा. मग ३२ मि.मी.ची एक गेजपट्टी लाइनभर फिरवा, खास करून जोडांवर. मग रिकामा डबा एक फेरी हाताने. मग इंजिन एकटं. सगळं नीट असेल तर डबे, एका वेळी एक वाढवत. इंजिन मागून ढकलतंय अशी गाडी नवख्याने करू नये, वळणावर डबे दुमडतात.

संध्याकाळी पाच ते साडेसहा ही वेळ चांगली. ऊन उतरलेलं असतं, रूळ निवलेले असतात. थांबताना गाडी स्टेशनात आणून थांबवा. लाइनवर उभी ठेवली तर रात्री मांजर डब्यावर बसतं. घरात नेताना लोखंडी चाकांना मशीन ऑइलचं फडकं मारा, एक्सलच्या टोकांना एक थेंब, रुळाला मात्र कधीच तेल नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गाड्या, स्टेशनं, माणसं सगळं आत घ्या, डब्यांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बाहेर राहतील फक्त रूळ, खडी आणि मोऱ्या. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन एकदा मागे जा आणि पाणी कुठे थांबतंय, कुठून जातंय ते नीट बघा. जिथे थांबत असेल तिथे काठी रोवा. ऑक्टोबरमध्ये पहिलं खणायचं काम त्या काठीपासून सुरू होतं.